लेकरांना डोंगरावर नेताना

प्रिय बाळा,

तुझं पत्र मिळालं. पाच वर्षांची लेक आणि आठ वर्षांचा भाचा, दोघांना घेऊन नवरात्राच्या सुट्टीत वेताळवाडीचा किल्ला करायचा म्हणतोस. फार बरं वाटलं. पण तू निघायच्या आत एक गोष्ट तुझ्या कानावर घालायलाच हवी, म्हणून लगेच लिहायला बसले.

परत फिरायची वेळ घरीच ठरव. वेळ म्हणतेय मी, ठिकाण नव्हे. "वर पोचलो की फिरू" असं मनाशी धरलं की वर पोचेपर्यंत पाय मागे वळत नाहीत. "साडेअकराला जिथं असू तिथून मागं" असं लेकरांसमोर बोलून ठेव आणि घड्याळ भाच्याच्या मनगटावर बांध.

हे मी चुकून शिकले. परतीच्या पावसाचे दिवस होते. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. अंतूरचा किल्ला चढताना तो दोनदा म्हणाला, "आई, पाय दुखतात." मी दोन्ही वेळा म्हणाले, "आलाच बघ दरवाजा." वर पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते आणि पश्चिमेला आभाळ काळं झालं होतं. पहिला गडगडाट झाला तशी त्याला कडेवर घेऊन मी उतारानं जवळजवळ पळतच निघाले. ओल्या दगडावरून पाय सटकला. त्याच्या हनुवटीला तीन टाके पडले. आज तो बाप झालाय, पण दाढी केली की तो व्रण दिसतो आणि मला त्याचं ते "पाय दुखतात" ऐकू येतं. त्यानं सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

आपल्याकडे पावसाच्या तोंडाला आणि पाऊस परतताना विजा फार, त्याही बहुतेक दुपारनंतर. वीज चमकली की आकडे मोजायचे. 30 व्हायच्या आत गडगडाट ऐकू आला तर पठार सोडायचं, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, पक्क्या घरात नाहीतर गाडीत जाऊन बसायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. म्हणून म्हणते, वेताळवाडी दिवाळीनंतर कर. हळदा घाटाच्या बाजूनं गेलास तर चढ थोडा आहे आणि जंजाळा दरवाज्यावर कोरलेला शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी, लेकरांना दाखवता येईल. तोवर दोन रविवार सकाळी सकाळी गोगाबाबा टेकडीवर घेऊन जा. मग देवगिरी. तिथं मेंढा तोफेवरचं मेंढ्याचं तोंड बघून दोघं खूश होतील. अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत, शिरताना बॅटरी लेकीच्या हातात दे, तुझ्या नको. वटवाघळांच्या वासानं आणि चिरकण्यानं ती बिचकली तर तिथूनच मागं फीर, समजूत घालत बसू नकोस. आणि एकदा होळी झाली की पाऊस पडेपर्यंत डोंगराचं नाव काढायचं नाही. आपल्या उन्हात काळा दगड तव्यासारखा तापतो.

लेकरू सरळ चालत नाही, हे आधीच धरून चाल. एकदा एका पडक्या दरवाज्याच्या सावलीत, कोरड्या धुळीत नरसाळ्यासारखे बारके खड्डे होते. एका पोरीनं त्यात मुंगी सोडली. मुंगी वर चढायला लागली की तळातून कोणीतरी धूळ उडवून तिला खाली पाडायचं. मग दोन बारीक चिमटे वर आले आणि मुंगी दिसेनाशी झाली. पोरगी पालथी पडून अर्धा तास बघत होती. आमचा बालेकिल्ला त्या दिवशी राहिला. मला त्याचं वाईट वाटलं नाही, तूही वाटून घेऊ नकोस.

चढताना तू लेकराच्या खालच्या अंगाला राहा. उतरतानाही तूच पुढं, म्हणजे मुरमावरून घसरलं तर तुझ्यावर येईल. कड्याजवळ बोटं धरू नकोस, घामानं निसटतात, मनगट धर. कुसळं मोज्यात शिरली की लगेच बसून काढ, नाहीतर पुढचा सगळा रस्ता रडारड. दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी पाज, तहान लागली म्हणण्याची वाट बघू नको. बडबडं लेकरू गप्प झालं, तोंड लाल झालं, तर आधी सावलीत घे. लिंबू-साखर-मिठाचं पाणी बरोबर असू दे. खायला धपाटे आणि गूळ-शेंगदाणे, पण पिशवीतच. वानरं हातातलं ओढून नेतात. कड्याला आग्यामोहोळ दिसलं तर लांबूनच वळायचं. अत्तर, धूर, आरडाओरडा, दगड मारणं, यातलं काहीही नको. माश्या उठल्याच तर तोंड झाकून जितकं लांब पळता येईल तितकं पळायचं.

एक सराव मात्र घरीच करून घे. चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही, जिथं असू तिथंच बसायचं आणि तीनदा शिट्टी वाजवायची. थांबून पुन्हा तीनदा. अंगणात लपाछपी खेळताना दोघांकडून चार-पाच वेळा करून घे. शिट्ट्या गळ्यातच असू देत, पिशवीत नको. माझ्याकडे दोन चांगल्या आहेत, दोरीसकट. शनिवारी संध्याकाळी लेकरांना घेऊन ये आणि घेऊन जा.

तुझ्या
बाई