तिसऱ्यांदा नीट? आधी मुलीचं कारण ऐका

प्रश्न : मुलगी दोनदा नीटला बसली, सरकारी कॉलेजइतके मार्क आले नाहीत. तिसऱ्यांदा बस म्हटलं, तर म्हणते रेडिओग्राफी करायचीय. आजी पडली, त्या रात्रीपासून हे खूळ डोक्यात आहे. एक्स-रे टेक्निशियन म्हणजे काय करिअर? शिवाय रेडिएशन. उद्या लग्न, मुलंबाळं... तिची समजूत कशी घालू?
– एक वडील, ऐरोली

उत्तर : पत्रासोबत मुलीने लिहिलेली चिठ्ठी तुम्ही जोडलीत, हे फार बरं केलंत. ती लिहिते, "त्या दादांनी आजीच्या मोडलेल्या पायाला हातही लावला नाही. चांगला पाय उचलून धरला, प्लेट बाजूला उभी केली आणि आडवा एक्स-रे घेतला. आजी एकदाही ओरडली नाही." घरचे सगळे घाबरलेले असताना ती त्या माणसाचे हात बघत होती. याला तुम्ही खूळ म्हणता? माझ्याकडे येणारी निम्मी मुलं 'नीट हुकली म्हणून' एवढंच सांगतात. हिच्याकडे स्वतःचं कारण आहे. दोन वर्षं तिने तुमच्या इच्छेला दिली. तिसरं मागू नका.

आता रेडिएशन. एक्स-रेची नळी बटण दाबलेलं असतं तेवढ्यापुरतीच किरण सोडते. ते खोलीत साचत नाहीत, कपड्यांना चिकटून घरी येत नाहीत. एक्सपोजर देताना टेक्निशियन काचेआड असतो, छातीवर अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा टीएलडी बॅज असतो आणि तो दर तीन महिन्यांनी तपासला जातो. वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची (हे रेडिएशन मोजायचं माप) मर्यादा घालून देणाऱ्या अणुऊर्जा नियामक परिषदेचं कार्यालय तुमच्यापासून खाडीपलीकडे, अणुशक्तीनगरला आहे. बाई गरोदर असल्याचं कळवते, तेव्हा गर्भासाठी वेगळी, खूप कडक मर्यादा लागू होते. एमआरआयमध्ये तर क्ष-किरण नसतातच. जिथे बॅज देत नाहीत, तिथे मात्र तिने एक दिवसही काम करू नये. लग्नाच्या बाजारात लोक काय म्हणतील, ही भीती तुमची आहे. तिच्या गळ्यात बांधू नका.

तिलाही दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट देतो, आणि त्यासाठी आधी एमबीबीएस लागतं. सोनोग्राफीही आपल्याकडे कायद्याने नोंदणीकृत डॉक्टरच करतात. सुरुवातीचा पगार बेताचा, नाइट ड्यूट्या ठरलेल्या, आणि पेशंट उचलून उचलून कंबर भरून येते. हे ऐकूनही ती ठाम राहिली, तर बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी) किंवा इमेजिंगची बीएस्सी बघा. कॉलेजला स्वतःचं मोठं हॉस्पिटल आहे ना, हे फीच्या आधी विचारा.

येत्या रविवारी तिला शेजारी बसवा आणि त्या रात्री तिने काय काय पाहिलं ते विचारा. तिचं सांगून होईपर्यंत नीटचं नाव काढू नका. मग तिला घेऊन ठाण्याला माझ्याकडे या. तिच्या आईलाही आणा, पत्रात त्यांचा कुठेच उल्लेख नाही.