ब्रिटनमध्ये कोच (सहलीच्या बस) चालकांना सक्तीचं प्रशिक्षण असतं, त्याचा सहलींवर काय परिणाम होतो?

नुसतं मोठ्या गाडीचं लायसन्स तिथे पुरत नाही. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या बस-कोच चालकांना १० सप्टेंबर २००८ पासून ‘ड्रायव्हर सीपीसी’ म्हणजे व्यावसायिक चालकाचं पात्रता प्रमाणपत्र लागतं. त्याआधीच लायसन्स असलेल्यांना सुरुवातीच्या परीक्षा माफ होत्या, पण दर ५ वर्षांनी ३५ तासांचं प्रशिक्षण त्यांनाही चुकलं नाही.

या ३५ तासांच्या शेवटी परीक्षा नसते, पूर्ण वेळ हजेरी लावली की झालं. मला हे फार खटकतं. शिकण्याची खरी इच्छा असलेल्या चालकाला यातून पुष्कळ मिळतं, बाकीचे तास भरून निघून जातात.

सहलींच्या धंद्यात खरा फटका हंगामापुरतं काम करणाऱ्यांना बसतो. वर्षातून काही आठवडेच गाडी चालवणाऱ्या, निवृत्तीकडे झुकलेल्या माणसालाही तेवढेच ३५ तास आणि तेवढाच खर्च. मग तो सरळ काम सोडतो, आणि वळणावळणाचे घाटरस्ते पाठ असलेला माणूस कंपनीच्या हातून जातो. प्रवाशांना त्याची किंमत कळते ती रस्त्यावरच.

तरीही सक्ती काढून टाकावी असं मी म्हणणार नाही. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबायचंच, हा नियम चालकाला नीट कळला असेल तर ‘जरा पुढे जाऊन थांबू’ म्हणणाऱ्या आयोजकाला तो ठामपणे नाही म्हणू शकतो.

गाडी युरोपात न्यायची असेल तर एक तपासा: डिसेंबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये वेगळं ‘नॅशनल’ सीपीसी आलंय, ते परदेशात चालत नाही.