‘ग्रेंज’ : शेतकरी कुटुंबांचे सभागृह

प्रश्न : मुलीकडे न्यूयॉर्क राज्यातील एका खेड्यात महिनाभर राहिले. तेथे शेतांच्या कडेला एक जुने, पांढरे, लाकडी सभागृह होते आणि दारावर ‘ग्रेंज’ असे नाव व क्रमांक होता. ते एखाद्या पंथाचे प्रार्थनास्थळ असते का? आपल्या बडोदे संस्थानात असे काही होते का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ते प्रार्थनास्थळ नव्हे, शेतकरी कुटुंबांनी स्वतःसाठी उभारलेले सभागृह आहे. ‘ग्रेंज’ या शब्दाचा जुना अर्थ धान्याच्या कोठारासह असलेले शेतघर. अमेरिकेतील उत्तर आणि दक्षिण राज्यांमधले यादवी युद्ध संपल्यावर 1866 मध्ये ऑलिव्हर हडसन केली या कृषी खात्यातील कारकुनाला दक्षिणेकडील शेतीची पाहणी करण्यास पाठवले गेले. उत्तरेकडच्या या माणसाला तेथे आपुलकी मिळाली ती मुख्यतः फ्रीमेसन या परस्परांना बंधू मानणाऱ्या मंडळाच्या सभासदांकडून. शेतकऱ्यांचेही असे बंधुमंडळ असावे, या विचारातून 4 डिसेंबर 1867 रोजी वॉशिंग्टन येथे ही संघटना स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी आपण राहिलात त्याच न्यूयॉर्क राज्यात, फ्रेडोनिया येथे, क्रमांक एकची स्थानिक शाखा निघाली.

मला यातील सर्वांत मोलाची वाटते ती स्त्रियांची जागा. केलींची भाची कॅरोलिन हॉल हिने आग्रह धरला आणि स्त्रियांना आरंभापासून पुरुषांच्या बरोबरीचे सभासदत्व व मताधिकार मिळाला; काही पदे तर त्यांच्यासाठीच राखून ठेवलेली होती. अमेरिकी राज्यघटनेने लिंगभेदावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली ती 1920 मध्ये, हे लक्षात घेतले म्हणजे त्या खेडुतांचे धैर्य कळते.

1873 च्या आर्थिक मंदीत रेल्वेचे भाडे आणि धान्यकोठारांचे दर शेतकऱ्यांना असह्य झाले, तेव्हा सभासदसंख्या झपाट्याने वाढून आठ लाखांवर गेली. राज्यांनी दरनियंत्रणाचे कायदे केले आणि शिकागोच्या धान्यकोठारांसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1877 मध्ये असा कायदा ग्राह्य ठरवला. ग्रेंजची सहकारी दुकाने मात्र भांडवल आणि अनुभव यांच्या अभावी बहुतेक ठिकाणी बुडाली, सभासदही गळाले. तरीही पुष्कळ सभागृहे टिकली, कारण तेथे लोक केवळ दर आणि बाजारभाव यांच्यासाठी जमत नव्हते. बैठकीत वाचन, गायन आणि शेतीवरील चर्चा योजण्यासाठी स्वतंत्र पदाधिकारी असे, पक्षीय राजकारणाला मज्जाव असे आणि एकत्र जेवण हा तर रिवाजच होता.

बडोद्यात हुबेहूब अशी संस्था नव्हती. परंतु महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून गावोगावी ग्रंथालये काढली आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेड्यांत पाठवल्या. येथे पुढाकार राजाचा होता, तेथे सभासदांचा. हा भेद मोठा आहे. मात्र गावच्या ग्रंथालयाच्या खर्चाचा एक तृतीयांश वाटा गावकऱ्यांनी उचलावा, उरलेला स्थानिक मंडळ आणि सरकार यांनी द्यावा, अशी योजना होती. आणि त्या वाट्यापुरते तरी ते ग्रंथालय गावाचे स्वतःचे होत असे.