काट्यावरचा भाऊ विचारतो

प्रश्न : ताई, वय ३४, यवतमाळ जिल्ह्यातला. जिनिंगच्या काट्यावर कापसाच्या पावत्या लिहितो, आकडा चुकत नाही. पण चार जण एकदम बोलले की डोकं बधिर होतं. लग्नात डीजे लागला की मी गोठ्यात बैलांजवळ जाऊन बसतो. भाचीला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, निघाली. तिची लक्षणं ऐकताना माय माझ्याकडेच पाहत राहिली. गावचे डॉक्टर म्हणाले, "हे लेकरांचं असते, तू तर कमावता." आता कुठं जाऊ?

उत्तर : भाऊ, डॉक्टरांचं ते वाक्य वाचून मला फार वाईट वाटलं. स्वमग्नता लहानपणापासूनच असते आणि वय वाढलं म्हणून जात नाही. कमावत्या माणसातही ती असू शकते. तुम्हाला ती आहेच, असं मी पत्रावरून सांगणार नाही. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा, तिथं जमलं नाही तर नागपूरचं मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, गाठा. आधी नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ वर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, फुकट आणि मराठीत.

रक्त तपासून हे कळत नाही. बोलून, वागणं पाहून आणि लहानपण विचारून ठरतं. म्हणून मायला सोबत न्याच. बोलायला कधी लागलात, कोणता सदरा अंगाला लावू देत नव्हता, शाळेत मधल्या सुट्टीत कुठं बसायचात, हे तिला विचारून वहीत लिहा. गोठ्याचंही लिहा, अगदी तसंच.

२०१६च्या दिव्यांग कायद्यात स्वमग्नता आहे. पण दिव्यांग प्रमाणपत्र काढायचं की नाही, ते नंतर तुम्ही ठरवा.