‘मी विकत नाही, सगळ्यांसाठी आणतो इतकंच’

प्रश्न : मी पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर लातूरजवळ, बाबा एसटीत कंडक्टर. दुसऱ्या वर्षाला असताना रूमवर गांजा सुरू झाला, आता रोज रात्री लागतो. चार विषय बॅक आहेत. मी विकत नाही, ओळख माझी आहे म्हणून सगळ्यांसाठी आणतो इतकंच. आता ‘एमडी आण’ म्हणून मागे लागलेत, म्हणजे मेफेड्रोन, रासायनिक ड्रग. इंजिनिअरिंग माझं क्षेत्रच नाही असं वाटतं. सोडून एमपीएससी करू का? बाबांना काय सांगू?

उत्तर : तुझं मूळ पत्र लांब होतं. त्यातली एक ओळ वर आली नाही, ती मी पुन्हा पुन्हा वाचली. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब करताना कानस हातात घेतली की जेवायची सुट्टी कधी झाली ते कळायचं नाही, असं तू लिहिलंयस. क्षेत्र चुकलेला मुलगा असं लिहीत नाही, बाळा. रोजच्या गांजाने लक्ष आणि स्मरणशक्ती दोन्ही मंदावतात, मग कुठलंही पुस्तक परकंच वाटतं. एमपीएससीचंही वाटेल. म्हणून शाखेचा निर्णय आज नको.

मला खरी काळजी आहे ती तुझ्या ‘आणतो इतकंच’ची. पैसे सगळ्यांनी काढलेले असतात, यूपीआयवर समोर ‘मेस’ लिहिलेलं असतं. पण पैसे तुझ्या खात्यात आणि पुडी तुझ्या बॅगेत. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात मित्रांसाठी आणलं म्हणून सूट नाही. गांजा एक किलोपर्यंत ‘अल्प प्रमाण’ धरतात, त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. एमडीसाठी हीच मर्यादा फक्त २ ग्रॅम आहे. चौघांसाठी आणलेली पुडी ती सहज ओलांडते आणि मग शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. शिवाय गुन्हा दाखल झाला की एमपीएससीनंतरच्या चारित्र्य पडताळणीत तो सांगावा लागतो, आणि खटला चालू असेल तर पासपोर्टसाठीही कोर्टाची परवानगी लागते.

मित्रांनी सवय लावली, हे खरंच असेल. घर लांब, पहिला बॅक लागलेला, रात्री शेजारी चौघे बसलेले. अशा वेळी नाही म्हणणं जड जातं, हे मला समजतं. पण आज माल मागवायचा फोन तू लावतोस. तेव्हा आधी आणणं थांबव. ग्रुपला एवढंच सांग, ‘मी आता आणणार नाही.’ कारण देऊ नकोस, कारण दिलं की वाद सुरू होतो. आणि रूम बदल. डिपॉझिट बुडालं तरी बदल.

सोडल्यावर पहिला आठवडा वाईट जाईल. झोप येणार नाही, जेवण नको वाटेल, चिडचिड होईल. बहुतेकांना दोन-तीन आठवड्यांत उतार पडतो, पण एकट्याने दात-ओठ खाऊन सोसायची गरज नाही. पुण्यातच मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, अवचट दांपत्याने १९८६ साली सुरू केलेलं. तिथे जा. नाहीतर १४४४६ या व्यसनमुक्तीच्या सरकारी मोफत हेल्पलाइनवर आज फोन कर. एनडीपीएस कायद्याच्या ६४-अ कलमानुसार, व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं.

अभ्यासाचं थोडक्यात. या सत्रात चारपैकी दोनच विषय धर, पण ते काढच. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या बॅक असलेल्यांना बसू देत नाहीत, त्यामुळे वर्ष गेलं तरी चालेल, विषय सुटले पाहिजेत. हाताने काम करायची तुझी ओढ टूल अँड डायच्या, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवायच्या कामात उपयोगी पडेल. संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचे कोर्स बघून ठेव.

बाबांना फोनवर सांगू नकोस, कारण कदाचित ते ड्यूटीवर असतील, गाडीत माणसं असतील. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी घरी जा, समोर बस आणि आधी गांजाचं सांग, मग बॅकचं. ते रागावतील. उठून जाऊ नकोस.

निघण्याआधी कपाटात जे असेल ते संडासात टाक आणि दोनदा पाणी सोड. सोबत नेऊ नकोस, मित्राकडे ठेवायलाही देऊ नकोस.