रोबोटिक्सच्या टीममध्ये मुलगी चित्रंच काढते, तर?

गणपती उठल्यावर बडोद्यातल्याच एक आई नववीतल्या मुलीला घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) "मॅडम, रोबोटिक्सची फी भरली आणि ही घरी येऊन तांबेकर वाड्यातली चित्रं काढत बसते. कोडिंगचं नाव नाही. पुढे इंजिनीअरिंगला याचा काय उपयोग?" ही काळजी हल्ली बरेच पालक बोलून दाखवतात.

टीम फर्स्ट लेगो लीग या शाळकरी मुलांच्या रोबोटिक्स स्पर्धेची तयारी करत होती. या स्पर्धेचा २०२५-२६ चा विषय पुरातत्त्व होता. २०२३-२४ मध्ये कला होता. पालकांच्या डोळ्यांसमोर असतो तो अडीच मिनिटांचा रोबोटचा खेळ. पण गुण चार गोष्टींना सारखे मिळतात: तो खेळ, रोबोटची रचना आणि कोडिंग, संशोधन प्रकल्प, आणि टीमनं एकत्र काम कसं केलं ते. वाड्यातली चित्रं टीमच्या संशोधन प्रकल्पासाठीच होती, म्हणजे मुलगी करत होती ते काम फावल्या वेळचं नव्हतं. हे सांगितल्यावर आईंचा चेहरा थोडा सैलावला. पण एवढ्यावर त्यांना घरी पाठवणं मला पटेना. चित्रांचं काम तिनं मागून घेतलं होतं की तिच्या वाट्याला आलं होतं?

मग मुलीशी एकटीशी बोलले. सुरुवातीला तिला कोडिंगच करायचं होतं. लॅपटॉप दोन मुलांनी धरून ठेवला आणि हिला सांगितलं, "तुझं अक्षर छान आहे, तू प्रोजेक्ट कर." मुलींच्या बाबतीत हे इतक्या वेळा ऐकलंय की मला राग येतो. आईंची काळजी खरी होती, फक्त तिचं कारण वेगळं होतं.

गंमत पुढे आहे. वाट्याला आलेल्या त्या कामात मुलगी खरोखर रमली. दिवाण भाऊ तांबेकरांचा हा वाडा आज पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. आत भिंतींवर महाभारत, कृष्णलीला आणि इंग्रज-मराठा लढाईसुद्धा रंगवलेली आहे. भिंतीत ओल मुरली की क्षार वर येतात, त्यांचे स्फटिक होतात आणि रंगाचे पापुद्रे सुटतात, हे तिनं मला हातवारे करत समजावलं. भिंतीला हात न लावता ओल आणि उजेड मोजत फिरणारा छोटा रोबोट, ही तिचीच कल्पना. आणि सेन्सरचं कोडिंग मात्र दुसरं कुणीतरी करणार होतं!

मी तिला दोनच गोष्टी सुचवल्या. कोचला स्वतः जाऊन सांगायचं की सेन्सरचा भाग मी लिहिणार. आणि परीक्षक टीममधल्या कुणालाही काहीही विचारू शकतात, तेव्हा लॅपटॉप आळीपाळीनं सगळ्यांच्या हातात यायला हवा, हेही मांडायचं. आईंनी कोचला फोन करू नये, अशी विनंती केली. त्यांना ते जड गेलं. त्यांना दुसरं काम दिलं: एका रविवारी मुलीबरोबर वाड्यात जायचं, तिला बोलू द्यायचं आणि अभ्यासाचा विषय काढायचा नाही.

कोचनं पाळ्या लावून दिल्या. मुलीचा पहिला प्रोग्रॅम चालला नाही, दुसरा चालला. सहामाहीच्या आधीचे पंधरा दिवस सराव बंद ठेवायचा, हे तिनंच टीमला सांगितलं.

अभ्यासक्रमांचा विषय निघाला तेव्हा मी आईंना सांगितलं की म्युझियोलॉजी (संग्रहालयशास्त्र) आणि पुरातत्त्व, दोन्ही विभाग आपल्या सयाजीराव विद्यापीठातच आहेत आणि जुन्या वास्तूंच्या कामात मोजमाप, कॅमेरे, थ्रीडी स्कॅन जाणणारी माणसं लागतात. त्यांनी वहीत लिहून घेतलं. वडिलांना अजूनही कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच हवं आहे; पुढच्या वेळी तेही येणार आहेत.