पिल्लू पातळ करालंय, माणसाची गोळी देऊ का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही शहापूरला राहतो. खानापूरच्या मावशीकडनं तीन महिन्याचं मांजराचं पिल्लू आणलंय, आल्यापासनं सारखं पातळ करालंय, शेंबडासारखं चिकट पण पडतंय आणि वास तर विचारूच नका. खेळतंय, खातंय, पण पोट नगाऱ्यासारखं. सासूबाई रोज गवळ्याचं म्हशीचं दूध नि भाकरी कुस्करून घालतात. शेजारचे म्हणालेत माणसाची जुलाबाची गोळी पाव करून द्या, एक दिवस उपाशी ठेवा. काय करू कळेना झालंय.

उत्तर : ताई, गोळी नको, पाव पण नको. आणि घरात ताप-अंगदुखीची पॅरासिटामॉल असते ती तर लांबच ठेवा, मांजराला एक गोळी पण जीवघेणी ठरते. उपाशीही ठेवू नका, एवढ्या लहान पिल्लाची साखर लगेच खाली येते.

आता दूध. सासूबाईंना वाईट वाटेल पण ते बंद करा. आईचं दूध तुटलं की बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही, न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि पातळ होतंय, त्यात म्हशीचं दूध म्हणजे फॅट पण भरपूर. भाकरी पण नको, मांजर मांसावर जगणारं जनावर. चिकन नुसतं पाण्यात उकडा, मीठ-हळद नको, कांदा-लसूण तर अजिबात नको कारण त्यानं मांजराचं रक्त बिघडतं, हाडं काढा आणि थोडं थोडं दिवसातनं चार-पाच वेळा द्या. पाण्याची वाटी कायम भरलेली. पोट बसलं की पिल्लांचं फूड सुरू करा, पण एकदम बदलू नका, आठवडाभर जुन्यात नवं मिसळत न्या.

पण तुमचं वर्णन वाचून मला जास्त संशय जंतांचा आहे. फुगलेलं पोट, खाऊन पण अंगाला लागत नाही, हे गोल जंतांचं नेहमीचं लक्षण, आणि ते आईच्या दुधातनंच पिल्लात येतात, त्यामुळं मावशीकडं स्वच्छता नव्हती असं काही नाही. औषध वजनावर असतं म्हणून मेडिकलमधनं अंदाजानं आणू नका. सकाळची ताजी शी झाकणाच्या डबीत घालून पिल्लासकट दवाखान्यात न्या. चिकट शेंबूड आणि घाण वास म्हणजे जिआर्डिया किंवा कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले डोळ्याला न दिसणारे परजीवी, पण असू शकतात, ते मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं, दोन्हीची औषधं वेगळी आणि साधं जंताचं औषध तिथं पुरत नाही. घरात लहान मुलं असतील तर शीची माती काढल्यावर साबणानं हात, हे जंत माणसालाही लागतात.

उलट्या सुरू झाल्या, खाणं सोडलं, कोपऱ्यात मान घालून बसलं, किंवा पाण्याच्या वाटीवर तोंड नेऊन पीतच नाही असं दिसलं तर डबी-बिबी राहू दे, तसंच उचलून पळा. पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा विषाणूचा आजार, असू शकतो, लस न झालेली पिल्लं त्यात एक-दोन दिवसात जातात. त्या विषाणूला थेट मारणारं औषध नाही, सलाईन, उलटीचं इंजेक्शन, अँटिबायोटिक देऊन पिल्लाला तगवायचं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच बसली नाही तर अंगातलं पाणी गेलंय. लस आठव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, तुमचं पिल्लू आधीच उशिरात आहे, जुलाब थांबले की लगेच घ्या.

प्रश्न : निपाणीहून लिहितोय. बोका बारा वर्षांचा, खातो दुप्पट, तरी वाळत चाललाय, अधनंमधनं पातळ करतोय.

उत्तर : इथं जंतावर थांबू नका. म्हाताऱ्या मांजरात थायरॉइड वाढला की असंच होतंय, भूक जबर आणि अंग वाळलेलं, रात्री ओरडणं पण वाढतं. रक्तातलं टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, तपासा, सोबत किडनी आणि साखर. थायरॉइड निघाला तर रोजची गोळी असते, ती डॉक्टर रक्त बघूनच ठरवतील.